डायलॉगला कॉन्टेक्स्ट कोणता द्यायचा? अँड्रॉइड आणि फ्लटर नव्याने शिकणाऱ्यांसाठी

बटण दाबलं, डायलॉग यायला हवा होता, आणि अ‍ॅपच बंद पडलं. लॉगकॅट (अँड्रॉइड स्टुडिओतली, अ‍ॅपच्या नोंदी दाखवणारी खिडकी) उघडलं तर लाल अक्षरांत ओळ दिसते: ‘अनेबल टु अ‍ॅड विंडो, टोकन नल इज नॉट व्हॅलिड, इज युवर अ‍ॅक्टिव्हिटी रनिंग?’ मग शोधाशोध सुरू होते. डायलॉगला एक कॉन्टेक्स्ट द्यावा लागतो, म्हणजे कोड अ‍ॅपच्या कोणत्या भागातून चालतोय ते सांगणारी वस्तू. कुणीतरी सुचवतं की अ‍ॅप्लिकेशन कॉन्टेक्स्ट काढा आणि ‘धिस’ लिहा. अ‍ॅक्टिव्हिटीच्या, म्हणजे अ‍ॅपच्या एका स्क्रीनच्या, फाइलमध्ये ते चालून जातं, पण फ्रॅगमेंटमध्ये, म्हणजे त्या स्क्रीनच्या आतल्या एका भागात, तेच लिहिलं की कंपाइलसुद्धा होत नाही.

तोडगे पाठ करून हा गोंधळ सुटत नाही. डायलॉग दाखवण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. हा डायलॉग कोणत्या स्क्रीनवर उभा राहणार? आणि तो दाखवायच्या क्षणी ती स्क्रीन जिवंत असेल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला कॉन्टेक्स्ट देतं, दुसऱ्याचं लाइफसायकल, म्हणजे स्क्रीन बनण्यापासून नष्ट होण्यापर्यंतचा प्रवास. वरची एरर नीट वाचली तर तीही शेवटी हेच विचारते आहे: तुमची अ‍ॅक्टिव्हिटी चालू आहे ना?

लेखात क्लास आणि मेथडची नावं देवनागरीत, वाचायला सोपी जावीत म्हणून तोडून लिहिली आहेत. कोडमध्ये ती जोडूनच येतात.

हाताशी काय हवं

- अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्यातलं लॉगकॅट. एररची पहिली ओळ वाचून थांबू नका. खाली ‘कॉज्ड बाय’ असेल तिथपर्यंत जा.
- डेव्हलपर ऑप्शन्स चालू केलेला फोन किंवा एम्युलेटर. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप केलं की ते चालू होतात.
- लीककॅनरी ही लायब्ररी, फक्त डीबग बिल्डपुरती. अडकून राहिलेली अ‍ॅक्टिव्हिटी ती दाखवून देते.
- फ्लटरवर काम करत असाल तर आवृत्ती ३.७ किंवा त्यापुढची.

१. आधी कॉन्टेक्स्टमधला फरक समजून घ्या

अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप्लिकेशन, सर्व्हिस आणि अ‍ॅक्टिव्हिटी हे तिन्ही कॉन्टेक्स्टच आहेत. त्यामुळे ‘कॉन्टेक्स्ट’ मागणाऱ्या मेथडला यांतलं काहीही दिलं तरी कंपायलर तक्रार करत नाही. नवख्यांची फसगत होते ती इथेच. टाइप बरोबर असतो, वस्तू चुकीची असते, आणि चूक कळते ती अ‍ॅप चालवल्यावर.

स्ट्रिंग वाचणं, डेटाबेस उघडणं, फाइल लिहिणं, टोस्ट दाखवणं ही कामं कुठलाही कॉन्टेक्स्ट करतो. डायलॉगचं तसं नाही, कारण डायलॉग ही स्वतंत्र विंडो असते. कुणीही उठून कुणाच्याही स्क्रीनवर विंडो चिकटवू नये म्हणून सिस्टिम प्रत्येक अ‍ॅक्टिव्हिटीला एक टोकन देते. नवी विंडो आली की विंडो मॅनेजर विचारतो, तुझ्याकडे कोणाचं टोकन आहे? डायलॉग ते टोकन त्याला मिळालेल्या कॉन्टेक्स्टच्या विंडो मॅनेजरकडून घेतो. अ‍ॅक्टिव्हिटीकडे मागितलेला विंडो मॅनेजर तिच्या विंडोशी बांधलेला असतो, म्हणून टोकन आपोआप भरलं जातं. अ‍ॅप्लिकेशनकडे स्वतःची स्क्रीनच नसते. तिथे टोकन ‘नल’ राहतं आणि ‘बॅड टोकन एक्सेप्शन’ येतं.

दुसरा फरक थीमचा. अ‍ॅक्टिव्हिटीला मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) दिलेली तुमची थीम लागलेली असते. अ‍ॅप्लिकेशन कॉन्टेक्स्टमधून लेआउट इन्फ्लेट केला, म्हणजे लेआउटच्या फाइलमधून व्ह्यू बनवले, तर सिस्टिमची डीफॉल्ट थीम लागते. रंग भलतेच का आले, बटणाचा आकार का बदलला, अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं.

२. कोणती एरर आली ते ओळखा

एरर वेगळी तसा उपायही वेगळा. ‘टोकन नल इज नॉट व्हॅलिड’ असं असेल तर तुम्ही स्क्रीन नसलेला कॉन्टेक्स्ट दिलाय. पण ‘नल’च्या जागी ‘बायंडर प्रॉक्सी’ आणि पुढे काही अक्षरं-आकडे दिसत असतील, तर कॉन्टेक्स्ट अ‍ॅक्टिव्हिटीचाच आहे, फक्त ती अ‍ॅक्टिव्हिटी तोवर संपली आहे. पहिल्या चुकीसाठी कॉन्टेक्स्ट बदलायचा, दुसरीसाठी वेळ तपासायची. हा एका शब्दाचा फरक न पाहिल्यामुळे लोक तास घालवतात.

‘यू नीड टु यूज अ थीम डॉट अ‍ॅपकॉम्पॅट थीम’ ही एरर फसवी आहे. अ‍ॅपकॉम्पॅटच्या अलर्ट डायलॉगला अ‍ॅप्लिकेशन कॉन्टेक्स्ट दिला की टोकनपर्यंत जाण्याआधीच थीमची तपासणी नापास होते. मग डायलॉग बनवणाऱ्या बिल्डरला हाताने थीम दिली जाते, थीमची एरर जाते आणि तिच्या मागे दडलेली टोकनची एरर पुढे येते. थीमची एरर आली की आधी कॉन्टेक्स्ट बघा. तो अ‍ॅक्टिव्हिटीचाच असेल तरच थीमच्या फाइलला हात लावा.

‘अ‍ॅक्टिव्हिटी हॅज लीक्ड विंडो’ ही ओळ क्रॅश करत नाही, लॉगमध्ये नुसती पडून राहते, म्हणून दुर्लक्षित होते. डायलॉग उघडा असतानाच त्याखालची अ‍ॅक्टिव्हिटी नष्ट झाली, असा तिचा अर्थ. ‘कान्ट क्रिएट हँडलर इनसाइड थ्रेड’ आली तर कॉन्टेक्स्टचा काही संबंध नाही. तुम्ही बॅकग्राउंड थ्रेडवरून डायलॉग बनवताय, तो मेन थ्रेडवर आणा.

३. अ‍ॅक्टिव्हिटीतून दाखवताना

कॉन्टेक्स्ट म्हणून अ‍ॅक्टिव्हिटी स्वतःच द्या. थेट मेथडमध्ये असाल तर ‘धिस’ पुरतं. जावामध्ये अनामिक लिसनर क्लासच्या आत असाल तर तिथला ‘धिस’ म्हणजे लिसनर, म्हणून अ‍ॅक्टिव्हिटीचं नाव लिहून पुढे ‘डॉट धिस’ करा. कॉटलिनमध्ये ‘ऑब्जेक्ट’ वापरून लिसनर लिहिला असेल तर ‘धिस अ‍ॅट’ आणि अ‍ॅक्टिव्हिटीचं नाव. साध्या लॅम्डामध्ये ही अडचण येत नाही, तिथे ‘धिस’ बाहेरचाच राहतो. ‘अ‍ॅप्लाय’ किंवा ‘विथ’च्या आत मात्र ‘धिस’ बदलतो हे लक्षात ठेवा.

डायलॉगमध्ये स्वतःचा लेआउट घालायचा असेल तर लेआउट इन्फ्लेटर बिल्डरच्या कॉन्टेक्स्टमधून घ्या: आधी बिल्डर बनवा, मग त्याच्यावर ‘गेट कॉन्टेक्स्ट’ बोलवा. बिल्डर तुमच्या अ‍ॅक्टिव्हिटीला डायलॉगच्या थीममध्ये गुंडाळून ठेवतो. अ‍ॅक्टिव्हिटीचा इन्फ्लेटर वापरला तर क्रॅश होत नाही, पण डायलॉगच्या थीमने ठरवलेले अक्षरांचे आणि बटणांचे रंग तुमच्या लेआउटपर्यंत पोहोचत नाहीत. डार्क मोडमध्ये गडद पार्श्वभूमीवर गडद अक्षरं दिसली की आधी हे तपासा.

४. फ्रॅगमेंटमध्ये: डायलॉग फ्रॅगमेंट वापरा

फ्रॅगमेंट हा कॉन्टेक्स्ट नाही, म्हणून तिथे ‘धिस’ चालत नाही. ‘रिक्वायर कॉन्टेक्स्ट’ वापरा. फ्रॅगमेंट अ‍ॅक्टिव्हिटीत असेल तर त्यातून अ‍ॅक्टिव्हिटीचाच कॉन्टेक्स्ट मिळतो. फ्रॅगमेंट सुटलेला असेल तर ही मेथड ‘नॉट अटॅच्ड टु अ कॉन्टेक्स्ट’ म्हणत एक्सेप्शन फेकते. ते टाळायला ‘गेट कॉन्टेक्स्ट’ घेऊन पुढे दोन उद्गारचिन्हं लावण्यात अर्थ नाही: क्रॅश तसाच राहतो, फक्त एररचा मजकूर आणखी अस्पष्ट होतो.

स्क्रीन फिरवली की अ‍ॅक्टिव्हिटी नष्ट होऊन नव्याने बनते. साधा अलर्ट डायलॉग तिच्याबरोबर जातो आणि वर लीक्ड विंडोची नोंद मागे ठेवतो. वापरणाऱ्याने त्यात काही भरलं असेल तर तेही गेलं. म्हणून ज्या डायलॉगमध्ये वापरणाऱ्याला निर्णय घ्यायचा आहे किंवा काही लिहायचं आहे, तो डायलॉग फ्रॅगमेंटच असावा असं माझं ठाम मत आहे. फ्रॅगमेंट मॅनेजर त्याला नव्या अ‍ॅक्टिव्हिटीवर पुन्हा उभा करतो, आणि दर वेळी ‘ऑन क्रिएट डायलॉग’मध्ये ‘रिक्वायर कॉन्टेक्स्ट’ ताजा मिळतो. कॉन्टेक्स्ट सांभाळायचं काम तुमच्याकडे उरतच नाही.

मांडणी अशी करा:

१) डायलॉग फ्रॅगमेंटपासून क्लास बनवा. कन्स्ट्रक्टर रिकामा ठेवा. माहिती ‘आर्ग्युमेंट्स’च्या बंडलमधून पाठवा. कन्स्ट्रक्टरमध्ये पॅरामीटर घातलेत तर पहिल्यांदा सगळं नीट चालेल, आणि स्क्रीन फिरवल्यावर सिस्टिमला तो क्लास पुन्हा बनवता न आल्याने अ‍ॅप पडेल.

२) ‘ऑन क्रिएट डायलॉग’मध्ये बिल्डरने डायलॉग तयार करून परत द्या. तिथे ‘शो’ बोलवू नका, ‘क्रिएट’ पुरे.

३) बंद झाल्याची किंवा रद्द केल्याची खबर हवी असेल तर ‘ऑन डिसमिस’ आणि ‘ऑन कॅन्सल’ या मेथड ओव्हरराइड करा. डायलॉगवर थेट लावलेले कॅन्सल आणि डिसमिसचे लिसनर डायलॉग फ्रॅगमेंट स्वतःसाठी बदलून टाकतो, तुमचे कधीच चालत नाहीत.

४) दाखवताना ‘शो’ला फ्रॅगमेंट मॅनेजर आणि टॅग द्या.

उत्तर परत पाठवायला लॅम्डा साठवू नका. फ्रॅगमेंट नव्याने बनला की तो हरवतो. त्यासाठी फ्रॅगमेंट रिझल्टची सोय आहे, फ्रॅगमेंट लायब्ररीच्या १.३.० आवृत्तीपासून. आणि इथे एक सापळा आहे जो एकही एरर देत नाही. तुम्ही डायलॉग ‘चाइल्ड फ्रॅगमेंट मॅनेजर’वर दाखवलात. डायलॉगने उत्तर आपल्या ‘पेरेंट फ्रॅगमेंट मॅनेजर’वर ठेवलं, म्हणजे तुमच्या त्याच चाइल्ड मॅनेजरवर. पण तुम्ही ऐकायला बसलात ‘सेट फ्रॅगमेंट रिझल्ट लिसनर’ या सोप्या एक्स्टेन्शनने, आणि ते ऐकतं तुमच्या पेरेंट मॅनेजरवर. पत्र एका पेटीत, पोस्टमन दुसऱ्या पेटीशी. बटण दाबलं जातं, डायलॉग बंद होतो, पुढे काहीच घडत नाही. चाइल्डवर दाखवलं असेल तर लिसनरही ‘चाइल्ड फ्रॅगमेंट मॅनेजर’वरच लावा.

आणखी एक: डायलॉग फ्रॅगमेंटमध्ये ‘ऑन क्रिएट व्ह्यू’ लिहिला नसेल तर ‘व्ह्यू लाइफसायकल ओनर’ मागू नका, तो तिथे नसतो. लाइव्ह डेटा (आपल्यातले बदल कळवणारी वस्तू) ऐकायचा असेल तर ओनर म्हणून डायलॉग फ्रॅगमेंट स्वतःच द्या.

५. अ‍ॅडॅप्टर आणि कस्टम व्ह्यूमधून

रिसायकलर व्ह्यूच्या (यादी दाखवणाऱ्या व्ह्यूच्या) ओळीवर टॅप झाला की ‘हे काढून टाकायचं का?’ विचारायचंय. अ‍ॅडॅप्टरकडे कॉन्टेक्स्ट नाही, मग अ‍ॅडॅप्टरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये तो पाठवला जातो, आणि पाठवणारा बऱ्याचदा अ‍ॅप्लिकेशन कॉन्टेक्स्ट पाठवतो. ‘आयटम व्ह्यू’चा कॉन्टेक्स्ट वापरला तर डायलॉग दिसेल, कारण व्ह्यू अ‍ॅक्टिव्हिटीच्या थीममधून इन्फ्लेट झालेला असतो. तरी मी तसं सुचवणार नाही. अ‍ॅडॅप्टरने फक्त सांगावं की अमुक नोंदीवर टॅप झाला. डायलॉग दाखवायचा निर्णय फ्रॅगमेंटने घ्यावा. अ‍ॅडॅप्टरला एक लॅम्डा द्या, त्यात नोंदीचा आयडी पाठवा. पोझिशन पाठवू नका, डायलॉग उघडा असताना यादी बदलू शकते आणि भलतीच नोंद पुसली जाते.

कस्टम व्ह्यूमध्ये ‘कॉन्टेक्स्ट अ‍ॅज अ‍ॅक्टिव्हिटी’ असं कास्ट करणं टाळा. व्ह्यूला मिळालेला कॉन्टेक्स्ट बऱ्याचदा थेट अ‍ॅक्टिव्हिटी नसतो. थीमचा किंवा हिल्टसारख्या लायब्ररीचा रॅपर त्यावर चढलेला असतो, आणि ‘क्लास कास्ट एक्सेप्शन’ येतं. अ‍ॅक्टिव्हिटी खरंच हवी असेल तर लूप लावा: कॉन्टेक्स्ट अ‍ॅक्टिव्हिटी असेल तर थांबा, नसेल पण कॉन्टेक्स्ट रॅपर असेल तर त्याचा ‘बेस कॉन्टेक्स्ट’ घ्या आणि पुन्हा तपासा. रॅपर संपले तरी अ‍ॅक्टिव्हिटी सापडली नाही तर नल परत द्या आणि डायलॉग दाखवू नका.

६. सर्व्हरचं उत्तर आल्यावर दाखवायचा असेल तर

सगळ्यात जास्त क्रॅश या ठिकाणी होतात, आणि तुमच्या टेबलावर ते दिसत नाहीत. तुमचं नेटवर्क वेगवान असतं, तुम्ही उत्तर येईपर्यंत थांबता. वापरणारा थांबत नाही.

घटनांचा क्रम बघा. वापरणाऱ्याने ‘पाठवा’ दाबलं. विनंती गेली. ४ सेकंद झाले, उत्तर नाही. त्याने बॅक दाबलं, अ‍ॅक्टिव्हिटी संपली. सातव्या सेकंदाला उत्तर आलं. कॉलबॅकने जुन्या अ‍ॅक्टिव्हिटीचा संदर्भ अजून धरून ठेवलाय, तो वापरून ‘शो’ बोलावलं गेलं. विंडो मॅनेजरने टोकन पाहिलं, ते आता कुणाचंच नाही. बायंडर प्रॉक्सीवाली एरर. वापरणारा दुसऱ्याच स्क्रीनवर असताना अ‍ॅप बंद पडलं, आणि का ते त्याला कधीच कळणार नाही.

जुन्या कोडमध्ये कमीत कमी एवढं करा: ‘शो’च्या आधी ‘इज फिनिशिंग’ आणि ‘इज डिस्ट्रॉइड’ तपासा, दोन्ही खोटं असेल तरच दाखवा. आणि ‘ऑन डिस्ट्रॉय’मध्ये उघडा डायलॉग बंद करा. ट्राय-कॅचने बॅड टोकन गिळून टाकू नका. क्रॅश लपतो, पण मेलेली अ‍ॅक्टिव्हिटी मेमरीत तशीच अडकून राहते.

डायलॉग फ्रॅगमेंट वापरत असाल तर तपासणी वेगळी आहे. अ‍ॅक्टिव्हिटी जिवंत आहे पण अ‍ॅप मागे गेलंय, अशा वेळी ‘शो’ केलं तर ‘कॅन नॉट परफॉर्म धिस अ‍ॅक्शन आफ्टर ऑन सेव्ह इन्स्टन्स स्टेट’ असं एक्सेप्शन येतं. यावर ‘कमिट अलाउइंग स्टेट लॉस’चा सल्ला बराच फिरतो. त्याने क्रॅश थांबतो, पण तेवढ्यात सिस्टिमने अ‍ॅप मारलं तर डायलॉग हरवतो, आणि ‘पैसे गेले का?’ सारखा प्रश्न त्यात असेल तर ते परवडणारं नाही.

चांगली पद्धत: उत्तर व्ह्यू मॉडेलमध्ये (स्क्रीन फिरली तरी टिकणाऱ्या वस्तूत) स्टेट म्हणून ठेवा, आणि फ्रॅगमेंटमध्ये ‘रिपीट ऑन लाइफसायकल’ने, ‘स्टार्टेड’ अवस्थेत, ते स्टेट ऐका. ही सोय लाइफसायकल लायब्ररीच्या २.४.० पासून आहे. अ‍ॅप मागे असेल तोवर ऐकणं थांबतं, पुढे आलं की स्टेट पुन्हा मिळतं आणि डायलॉग योग्य वेळी येतो. स्टेट फ्लो (हे स्टेट ज्यातून ऐकता तो प्रवाह) शेवटची किंमत पुन्हा देतो, म्हणून एकावर एक दोन डायलॉग येऊ नयेत यासाठी आधी त्या टॅगचा फ्रॅगमेंट आहे का पाहा, आणि उत्तर मिळाल्यावर स्टेट रिकामं करा. ‘शो’ लगेच अमलात येत नाही. दोन झटपट टॅपमध्ये टॅगची तपासणी दोन्ही वेळा ‘नाही’ म्हणू शकते. तसं होत असेल तर ‘शो नाउ’ वापरा.

व्ह्यू मॉडेलमध्ये कॉन्टेक्स्ट ठेवू नका. अँड्रॉइड व्ह्यू मॉडेल जो देतो तो अ‍ॅप्लिकेशनचा असतो, डायलॉगला निरुपयोगी. अ‍ॅक्टिव्हिटी ठेवलीत तर स्क्रीन फिरल्यावर जुनी अ‍ॅक्टिव्हिटी तिच्या सगळ्या व्ह्यूंसकट मेमरीत राहील.

७. सर्व्हिस आणि ब्रॉडकास्ट रिसीव्हरमधून

इथून डायलॉग दाखवूच नका, नोटिफिकेशन द्या. सर्व्हिसला स्क्रीन नाही, आणि वापरणारा त्या क्षणी दुसरं अ‍ॅप वापरत असू शकतो. डायलॉगसारखी दिसणारी अ‍ॅक्टिव्हिटी मागून उघडण्याची जुनी युक्ती अँड्रॉइड १० पासून बहुतेक प्रसंगी अडवली जाते. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनचीही परवानगी विचारावी लागते, आणि अँड्रॉइड १२ व त्यापुढच्या आवृत्त्या लक्ष्य केलेल्या अ‍ॅपला पेंडिंग इंटेंटवर (नोटिफिकेशनवर टॅप झाल्यावर काय करायचं ते सांगणाऱ्या वस्तूवर) ‘इम्म्युटेबल’ की ‘म्युटेबल’ ते स्पष्ट लिहावं लागतं.

दुसऱ्या अ‍ॅपवर तरंगणारी विंडो हेच तुमच्या अ‍ॅपचं काम असेल तर मार्ग आहे: मॅनिफेस्टमध्ये ‘सिस्टिम अलर्ट विंडो’ परवानगी, ‘कॅन ड्रॉ ओव्हरलेज’ने तपासणी, नसेल तर सेटिंग्जच्या त्या पानावर पाठवणं, आणि अँड्रॉइड ८.० पासून विंडोचा प्रकार ‘अ‍ॅप्लिकेशन ओव्हरले’. साध्या ‘नेट नाही’ अशा सूचनेसाठी ही परवानगी मागू नका.

८. जेटपॅक कंपोजमध्ये

कंपोज म्हणजे कोडमधूनच स्क्रीन बनवण्याची अँड्रॉइडची पद्धत. तिचा अलर्ट डायलॉग कॉन्टेक्स्ट मागतच नाही. तो ज्या कंपोजिशनमध्ये आहे तिच्या खालची विंडो स्वतः शोधतो. तुम्ही एक बूलियन ठेवा, तो खरा असेल तेव्हा डायलॉग कंपोज करा, ‘ऑन डिसमिस रिक्वेस्ट’मध्ये खोटा करा. ‘रिमेंबर’ऐवजी ‘रिमेंबर सेव्हेबल’ वापरलंत तर स्क्रीन फिरल्यावरही टिकतो. ‘ऑन डिसमिस रिक्वेस्ट’ रिकामा ठेवला तर बाहेर टॅप करून किंवा बॅक दाबून डायलॉग जाणार नाही; तुम्हाला तसंच हवंय का ते ठरवा.

‘लोकल कॉन्टेक्स्ट’ची किंमत कंपोजेबलच्या अंगात वाचून ठेवा. ‘ऑन क्लिक’च्या आत वाचायला गेलात तर कंपाइल होणार नाही.

९. फ्लटरमध्ये

फ्लटरचा बिल्ड कॉन्टेक्स्ट ही वेगळी गोष्ट आहे. नाव सारखं म्हणून गल्लत होते. तो म्हणजे विजेट ट्रीमधली एक जागा. ‘शो डायलॉग’ त्या जागेपासून वर वर जात नॅव्हिगेटर (पेजं उघडणारं आणि बंद करणारं विजेट) शोधतो. नॅव्हिगेटर बनवतो मटेरियल अ‍ॅप. आता सुरुवातीचं नेहमीचं कोड आठवा: एकच विजेट, त्याच्या ‘बिल्ड’मधून मटेरियल अ‍ॅप परत दिलंय, त्यातच स्कॅफोल्ड, त्यातच बटण. बटण मटेरियल अ‍ॅपच्या आत दिसतं, पण त्याने वापरलेला कॉन्टेक्स्ट बाहेरच्या विजेटचा, म्हणजे मटेरियल अ‍ॅपच्या वरचा. वर शोधून नॅव्हिगेटर कसा सापडणार? डीबगमध्ये ‘नो मटेरियल लोकलायझेशन्स फाउंड’ अशी एरर येते. उपाय: स्कॅफोल्डचा भाग वेगळ्या विजेटमध्ये काढा. घाई असेल तर बटणाभोवती ‘बिल्डर’ विजेट लावा आणि त्याचा कॉन्टेक्स्ट वापरा.

बाकीचे खड्डे:

- ‘अवेट’नंतर कॉन्टेक्स्ट वापरण्याआधी ‘कॉन्टेक्स्ट डॉट माउंटेड’ तपासा. खोटं असेल तर परत फिरा. हे ३.७ पासून उपलब्ध आहे. स्टेट क्लासचा स्वतःचा कॉन्टेक्स्ट असेल तर नुसतं ‘माउंटेड’ पुरतं. सहाव्या पायरीतला बॅक दाबण्याचा प्रसंग इथेही तसाच घडतो.
- डायलॉग बंद करताना ‘पॉप’ला पेजचा कॉन्टेक्स्ट देऊ नका, डायलॉगच्या ‘बिल्डर’ने दिलेला द्या. ‘शो डायलॉग’ डीफॉल्टने सगळ्यात वरचा नॅव्हिगेटर वापरतो. तुमच्या टॅबमध्ये आतला वेगळा नॅव्हिगेटर असेल तर पेजच्या कॉन्टेक्स्टने मागचं पेज जाईल आणि डायलॉग तसाच राहील. दोन्ही कॉन्टेक्स्टना वेगवेगळी नावं दिली तर ही चूक होत नाही.
- डायलॉग पेजच्या खाली बसत नाही, वरच्या नॅव्हिगेटरखाली बसतो. म्हणून पेजभोवती लावलेला प्रोव्हायडर (खालच्या विजेटना वस्तू पुरवणारं विजेट) डायलॉगला सापडत नाही. डायलॉग उघडण्याआधी वस्तू पेजच्या कॉन्टेक्स्टने वाचून घ्या आणि डायलॉगच्या आत ‘डॉट व्हॅल्यू’ वापरून पुन्हा पुरवा.
- डायलॉगमधला चेकबॉक्स टॅप करून बदलत नसेल तर पेजचा ‘सेट स्टेट’ बोलावला जातोय. डायलॉगच्या आत ‘स्टेटफुल बिल्डर’ लावा.
- ‘इनिट स्टेट’मधून थेट डायलॉग उघडू नका, ‘अ‍ॅड पोस्ट फ्रेम कॉलबॅक’मध्ये टाका.

आयओएसवर थेट लिहीत असाल तर कॉन्टेक्स्टची जागा व्ह्यू कंट्रोलर घेतो. ‘व्ह्यू डिड लोड’मध्ये अलर्ट दाखवू नका, तोवर व्ह्यू विंडोत आलेला नसतो, ‘व्ह्यू डिड अपिअर’मध्ये दाखवा. आधीच काही प्रेझेंट केलेलं असेल तर त्याच्यावरूनच पुढचं दाखवावं लागतं. आणि आयपॅडवर अ‍ॅक्शन शीटला पॉपओव्हरची जागा दिली नाही तर अ‍ॅप पडतं.

१०. सोडण्याआधी मुद्दाम मोडून पाहा

१) डायलॉग उघडा ठेवून स्क्रीन फिरवा. डायलॉग टिकला का, आत लिहिलेलं टिकलं का, उत्तर योग्य ठिकाणी पोहोचलं का ते पाहा. शेवटचं बहुतेक जण तपासत नाहीत.

२) डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज’ चालू करा, डायलॉग उघडा, होम दाबा, परत या.

३) होम दाबून एडीबी (संगणकावरून फोनला आज्ञा देण्याचं साधन) शेलमधून ‘एएम किल’ आणि तुमच्या पॅकेजचं नाव द्या, मग रिसेंट्समधून अ‍ॅप उघडा. डायलॉग फ्रॅगमेंटच्या कन्स्ट्रक्टरमधली चूक इथे पकडली जाते.

४) एम्युलेटरचं नेटवर्क मंद करा, विनंती पाठवा, उत्तर येण्याआधी बॅक दाबा. मग पुन्हा तेच, बॅकऐवजी होम दाबून.

५) ‘दाखवा’ बटणावर झटपट दोनदा टॅप करा. दोन डायलॉग आले तर सहावी पायरी पुन्हा वाचा.

६) डीबग बिल्डमध्ये स्ट्रिक्ट मोडच्या व्हीएम पॉलिसीत ‘डिटेक्ट इनकरेक्ट कॉन्टेक्स्ट यूज’ लावा. हे एपीआय ३१ पासून आहे, म्हणून आवृत्ती तपासूनच बोलवा. शेवटी लॉगकॅटमध्ये ‘लीक्ड विंडो’ शोधा. एकही ओळ सापडली तर तिच्याखालच्या स्टॅक ट्रेसमध्ये डायलॉग कुठे उघडला गेला ती ओळ लिहिलेली असते, तिथून सुरुवात करा.